आधी एक पावसाळा मागून घ्या

ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते.

"ह्यांना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. त्यांचं वय ६२, माझं ५८. पस्तीस वर्षं ह्यांनी लोकलचे धक्के खाल्ले. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत, पण आता तब्येत बरी आहे. यंदा जानेवारीत आम्ही पाचगणीला चार दिवस राहून आलो. कोवळं ऊन, स्ट्रॉबेरी, टेबललँडवर सकाळचं फिरणं. तिथे एका एजंटने गावापासून थोडं बाहेर एक प्लॉट दाखवला. समोर कृष्णेचं खोरं, खाली धोम धरणाचं पाणी. तेव्हापासून ह्यांचा एकच ध्यास: ठाण्याचा टू बीएचके विकायचा, तिथे टुमदार बंगला बांधायचा आणि कायमचं जायचं. अक्षय्य तृतीयेला टोकन द्यायचं ठरलंय. मुलगी मेलबर्नला असते. ती म्हणते, बाबांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी हवंय, हो म्हण ना आई. माझे गुडघे दुखतात. मला गाडी चालवता येत नाही. इथे माझं भजनी मंडळ आहे, भिशी आहे, खालच्या मजल्यावर २६ वर्षांची मैत्रीण आहे. मी 'बघू' म्हणते आणि ह्यांचा चेहरा उतरतो. जागा मलाही आवडली, खोटं कशाला बोलू? पण रात्र रात्र झोप लागत नाही. मी आडमुठेपणा करतेय का?"

ताई, नाही. तुम्ही आडमुठ्या नाही. उलट तुमच्या घरात या बेताचा नीट विचार सध्या तुम्ही एकट्याच करताय. अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: "मला गाडी चालवता येत नाही." त्याकडे मी परत येणार आहे.

आधी एक सांगते. पाचगणीच्या मी विरोधात नाही. माझे यजमान तिथल्या एका शाळेत शिकवायचे, आम्ही पाच वर्षं तिथे राहिलो. सिल्व्हर ओकच्या रांगांमधून सकाळी सातला शाळेत निघालेली मुलं, डिसेंबरातलं लालभडक पॉइन्सेटिया, रात्री पांघरुणात शिरताना पायाला लागणारा तो गारवा, हे सगळं आजही आठवलं की जीव तिकडे ओढ घेतो. तुमच्या यजमानांना जे दिसलं ते खरं आहे. फक्त त्यांनी जानेवारी पाहिला आहे. तिथे राहायचं की नाही हे ठरतं जुलैत.

आमचा पहिला जुलै सांगते. आम्ही गेलो जूनच्या सुरुवातीला. पहिले आठ-दहा दिवस मी खिडकीतून हललेच नाही. ढग खोलीत शिरतात हे पुस्तकात वाचलं होतं, ते समोर बघत होते. पंधराव्या दिवशी मिठाच्या बरणीत पाणी झालं. काडेपेटीची काडी ओढली की गुल निखळून पडायचा. कपाटातून यजमानांची कातडी चप्पल काढली तर तिच्यावर हिरवट केसाळ थर, हात लावला तर पीठ लागल्यासारखं. साड्या दोरीवर चार दिवस राहायच्या आणि पाचव्या दिवशीही तशाच ओलसर, वर एक कुबट वास. शेवटी स्वयंपाकघरात दोरी बांधली आणि रात्री कोळशाची शेगडी लावून कपडे वाळवायला लागले. शेजारच्या काकूंनी बघितलं तेव्हा आधी धावत येऊन खिडकी उघडली. बंद खोलीत कोळसा पेटवून झोपलात तर सकाळी उठणार नाही, म्हणाल्या. तेही मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सतरा दिवस सूर्य दिसला नाही. मी मोजले होते, कारण मोजण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता. समोरच्या तीन बंगल्यांना कुलपं होती, माळी आणि रखवालदार सोडले तर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. यजमान शाळेतून येईपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलले नसायचे.

तेव्हा मी ३४ वर्षांची होते, गुडघे शाबूत होते, आणि तरी ऑगस्टात एकदा मी ओट्याला धरून रडले.

दुसऱ्या वर्षी हेच सगळं पुष्कळ सोपं गेलं. बाजारातल्या किराणावाल्याच्या घरी जाणं-येणं सुरू झालं, गादीखाली काय घालायचं, डाळी कशात ठेवायच्या, कुठल्या भिंतीला कपाट टेकवायचं नाही हे कळलं. म्हणजे हा पावसाळा सोसता येत नाही असं मी म्हणत नाही. काहींना तो मनापासून आवडतो. पण आपण त्यातले आहोत की नाही, हे घर विकण्याआधी कळायला हवं.

गंमत बघा, हे गाव वसलंच मुळी याच कसोटीवर. इंग्रजांनी १८२०च्या दशकाच्या अखेरीस महाबळेश्वर वसवलं, गव्हर्नर माल्कमच्या काळात. उन्हाळ्याला ते उत्तम, पण पावसाळ्यात तिथे राहणं अशक्य. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. जुन्या बंगल्यांच्या भिंती पावसाआधी गवताने झाकून घ्यायचे, इतका मारा. मग १८६०च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने बारा महिने राहता येईल अशी जागा शोधायचं काम अंगावर घेतलं आणि दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जागा निवडली. महाबळेश्वरपासून जेमतेम १८-१९ किलोमीटर, पण डोंगराच्या आडोशाला असल्याने पाऊस तिथल्या निम्म्याहूनही कमी. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या गोऱ्या लोकांनी म्हातारपणी इथे राहावं, हा मूळ हेतू. सिल्व्हर ओक, पॉइन्सेटिया ही झाडं त्यानेच आणून लावली. तो स्वतः तिथेच राहिला, सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. म्हणजे निवृत्तांसाठी वसवलेलं गाव म्हणाल तर पाचगणी खरोखरच तसं गाव आहे. तरी ते भरभराटीला आलं ते शाळांनी आणि हवापालटाला येणाऱ्या आजाऱ्यांनी. किमिन्स १८९८ची, सेंट पीटर्स १९०४ची, संजीवन १९२२ची. डॉक्टर बिलिमोरियांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल एअर हे आरोग्यधाम सुरू केलं. मुंबईच्या पारशांनी बंगले बांधले, इराणहून आलेली बहाई कुटुंबं स्थिरावली, त्यांची न्यू एरा शाळा १९४५मध्ये निघाली. १९४४च्या जुलैत, आगाखान पॅलेसमधून सुटल्यानंतर, गांधीजीही विश्रांतीला इथेच आले होते. जुलैत, बरं का.

हे सगळं सांगायचं कारण असं की जी माणसं इथे टिकली त्यांना तिथे काहीतरी काम होतं. शाळा होती, दवाखाना होता, दुकान होतं. नुसती हवा खायला आलेले सीझन संपला की उतरून जायचे. यजमानांना एकदा विचारा, भांडणाच्या सुरात नको, खरंच जाणून घ्यायला: तिथे मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता तुम्ही काय करत असाल? बागकाम म्हणाले तर जून ते सप्टेंबर काय, तेही विचारा. त्यांच्याकडे उत्तर असलं तर मला फार आनंद होईल. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथे कुणी हाताला हात लावायला आलं तर हवंच असेल. आसपासच्या गावांतल्या मुलांना गणित-इंग्रजीला मदत लागते. अशी काही वाट त्यांना दिसत असेल तर हा बेत हवेवरचा नाही.

आता त्या प्लॉटबद्दल. इथे मात्र मी स्पष्टच सांगते: अक्षय्य तृतीयेला टोकन देऊ नका. मुहूर्त साडेतीन आहेत, दसराही त्यातलाच आहे.

तुम्ही लिहिलंय "प्लॉट". तो बिनशेती आहे की शेतजमिनीचा तुकडा? पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि एजंट बहुधा त्याचा उल्लेख टाळतोच. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३. तुमच्या यजमानांचं गावाकडे कुठे सातबाऱ्यावर नाव असेल तर गोष्ट वेगळी, नसेल तर "साठेखत करून ठेवू, पुढचं बघून घेऊ" या बोलण्यावर विसंबू नका. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने असंच कुलमुखत्यारपत्रावर पाच गुंठे घेतले. सामाईक उतारा, सहा भावांची नावं, त्यातल्या दोघांची सही नाही. नऊ वर्षं झाली, त्या जमिनीवर अजून एक वीट चढलेली नाही.

त्याहून मोठी गोष्ट. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तिथे नवीन बांधकाम, उतारावरचं खोदकाम, झाडतोड, बोअरवेल, सगळ्याला बंधनं आहेत. आणि ती असायलाच हवीत, नाहीतर ज्या हवेसाठी तुम्ही जाताय ती राहायचीच नाही. पण याचा अर्थ असा की समोर खोरं दिसतं तो उतारावरचा प्लॉट आहे, आणि उतारावरच्या प्लॉटवर परवानगी मिळेलच असं नाही. तो नेमका कुठल्या गावच्या हद्दीत येतो, कुठल्या झोनमध्ये, बिनशेतीचा आदेश आहे का, मंजूर रेखांकन आहे का, रस्ता कुणाच्या मालकीचा, उन्हाळ्यात पाणी कुठून, हे एजंटला विचारायचं नाही. सातारा किंवा वाईतला, या व्यवहाराशी काही संबंध नसलेला वकील गाठायचा, त्याची फी द्यायची आणि जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यायचा. तयार जुना बंगला बघत असाल तरी हेच. तिथले काही जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत, घर आपलं आणि जमीन आपली नाही असा प्रकार.

आणखी एक बाजू, जिच्याकडे निवृत्तीच्या आनंदात लक्ष जात नाही. ठाण्याचं घर विकलंत की त्यावर भांडवली नफा होणार, आणि त्यावरचा कर वाचवायचा तर दोन वर्षांत दुसरं घर विकत घ्यावं लागतं किंवा तीन वर्षांत बांधून पूर्ण करावं लागतं. नुसता प्लॉट घेऊन ठेवला तर भागत नाही. परवानगीचं घोडं अडलं आणि तीन वर्षं निघून गेली तर? तुमच्याकडे ठाण्याचं घर नसेल, वरचं घर झालेलं नसेल आणि कराची नोटीस मात्र आलेली असेल. घर विकायचा शब्द तोंडातून काढण्याआधी एखाद्या सीएसमोर तासभर बसा.

तब्येतीचं. पाचगणीची उंची तेराशे मीटरच्या आसपास. एवढ्या उंचीने सहसा बऱ्या हृदयाला काही होत नाही, तरी यजमानांच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्या. माझी काळजी उंचीची नाही, अंतराची आहे. गावात डॉक्टर आहेत, रुग्णालय आहे, चांगली माणसं आहेत. पण हृदयाचा झटका आला तर लागते ती अँजिओप्लास्टीची सोय, आणि तिच्यासाठी पसरणी घाट उतरायचा, वाई, मग साताऱ्याची वाट धरायची नाहीतर शंभर किलोमीटरवरचं पुणं. एरवी हा रस्ता सुंदर आहे. पण तो नाताळच्या आठवड्यातला, मे महिन्यातला, जोडून आलेल्या सुट्ट्यांचा शनिवार असेल तर घाटात गाड्यांची रांग लागलेली असते. जुलैची रात्र असेल तर धुक्यात बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्या दिवसांत पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट दरडींनी बंद झाला. पाचगणीचा पसरणी घाट त्या मानाने भरवशाचा, पण डोंगरात राहायचं तर वाट बंद होऊ शकते हे गृहीत धरूनच राहावं लागतं. ठाण्यात तुम्ही आज कॅथलॅबपासून, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी होते तिथून, किती मिनिटांवर आहात? मोजून बघा. तो आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहा आणि दोघांनी मिळून बघा. त्यानंतरही जायचं म्हणाल तर जा, डोळे उघडे ठेवून गेलात एवढं तरी होईल.

तुमच्या गुडघ्यांचं म्हणाल तर दमट गारव्यात ते जास्त कुरकुरतील अशी तयारी ठेवा. माझ्या सासूबाई आमच्याकडे पावसाळ्यात दोनदाच आल्या. चढउतारामुळे तिसऱ्यांदा त्यांनी ऑक्टोबर मागून घेतला.

आता ते वाक्य. "मला गाडी चालवता येत नाही."

आमच्या घरापासून दोन बंगले सोडून एक जोडपं होतं. दोघं मुंबईहून निवृत्त होऊन आलेली, काका बँकेत होते, काकू शाळेत. दोघांनी मिळून घर इतकं देखणं केलं होतं की येणारे-जाणारे थांबून बघायचे. भाजी आणायला काका, गॅसच्या नंबरासाठी काका, वीज गेली की तारवाल्याला बोलावणारे काका, डॉक्टरकडे नेणारे काका. आम्ही तिथे असतानाच चौथ्या वर्षी नोव्हेंबरात काका गेले. तेरावं झालं, मुलगा परत अमेरिकेला गेला, आणि काकू त्या घरात राहिल्या. पोर्चमध्ये गाडी उभी. काकू रोज सकाळी तिच्यावरचं दव फडक्याने पुसायच्या. चालवता येत नव्हती. बाजार दीड किलोमीटरवर आणि परतीचा सगळा चढ. फेब्रुवारीत त्यांनी घर विकायला काढलं. बंगल्याला गिऱ्हाईक सीझनमध्ये येतं, आणि एकटी बाई घाईत आहे हे हेरून भाव पाडून मागतं. विकायला चौदा महिने लागले. तोवर मुंबईतल्या घरांच्या किमती त्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. त्या शेवटी भाचीकडे, डोंबिवलीला राहायला गेल्या. जाताना मला त्यांनी स्वयंपाकघरातला तांब्याचा हंडा दिला. माझ्याकडे अजून आहे.

काका-काकूंनी घर दोघांच्या हिशोबाने बांधलं होतं. वयाच्या साठीनंतरचं घर असं बांधायचं नसतं, ताई. ते दोघांपैकी मागे राहणाऱ्या एकाच्या हिशोबाने बघायचं. हा अभद्र विचार नाही. तुम्ही दोघं शंभर वर्षं जगा, माझ्या मनापासूनच्या शुभेच्छा आहेत. पण आपल्याकडे नवरा सहसा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असतो, त्यांना दोन स्टेंट आहेत, आणि मागे राहणाऱ्या तुम्ही असण्याची शक्यता जास्त आहे. रात्री तुम्हाला जे झोपू देत नाही ते हेच असावं. तोंडाने उच्चारायला जीभ रेटत नाही म्हणून तुम्ही गुडघे, भिशी आणि भजनी मंडळ पुढे करताय. ती कारणंही खरीच आहेत, पण यजमानांना ती हट्टासारखी ऐकू येतात. खरं कारण सांगा. एखाद्या संध्याकाळी चहा झाल्यावर, टीव्ही बंद करून सांगा, "तुम्ही नसताना मी त्या घरात काय करीन, हे मला दिसत नाही." पस्तीस वर्षं बायकोमुलीसाठी लोकलला लटकलेला माणूस हे ऐकून घेईल, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. आणि उलटंही विचारा: मी नसताना तुम्ही काय कराल? स्वयंपाक येतो का त्यांना?

त्यांचं स्वप्न मोडू नका. मुलगी म्हणते त्यात तथ्य आहे, त्यांना काहीतरी स्वतःसाठी हवंय. म्हणून "नाही" म्हणू नका. म्हणा, "मला एक पावसाळा द्या."

म्हणजे असं. जून ते सप्टेंबर, चार महिने पाचगणीत भाड्याने राहायचं. प्लॉटच्या बाजूला नाही, गावात, बाजारापासून चालत जाता येईल आणि एसटी स्टँड जवळ असेल असं घर. पावसाळ्यात गावात गर्दी नसते, घासाघीस करता येते. ठाण्याचं घर कुलूप लावून तसंच ठेवायचं, भाड्यानेही द्यायचं नाही. मनात आलं तर दोन दिवस परत येता यायला हवं. मेलबर्नच्या लेकीलाही सांगा, बाबांचं स्वप्न मोडत नाहीये, तपासून घेतेय. तिला एवढंही विचारा की रात्री दोनला फोन आला तर आपण किती तासांत पोहोचू. तिला दुखवायला नव्हे. तिच्या होकारामागे तिने काय काय धरलंय, हे तिलाही कळायला हवं.

जाताना चामड्याची एकही वस्तू नेऊ नका. डाळी-पिठांना घट्ट झाकणांचे डबे, कपाटात ठेवायला डांबरगोळ्या, कपडे वाळवायला एक विजेचा हीटर, आणि वीज जाते म्हणून दोन चांगले चार्जिंगचे दिवे. यजमानांची औषधं महिनाभर पुरतील एवढी. पहिल्या आठवड्यातच जवळच्या डॉक्टरांना दोघांची फाइल दाखवून या, १०८ला फोन लावला तर रुग्णवाहिका कुठून निघते आणि किती वेळात दाराशी येते ते त्यांनाच विचारा.

बंगलेवाल्यांशी ओळख वाढवायच्या भरीस पडू नका, ते मे महिन्यात भेटतीलच. किराणावाला, दूधवाली, शाळेतल्या मावशी, गावात जन्मलेली माणसं, यांच्यात जा. भजन तिथेही होतं, आषाढात तर होतंच. तुम्हाला टाळ धरता येतो, ही तुमच्या यजमानांपेक्षा तुमच्याकडे असलेली जास्तीची शिदोरी आहे. कोण जाणे, चार महिन्यांनी "राहू या" असं तुम्हीच म्हणाल आणि ओल्या टॉवेलांना कंटाळून ते ठाण्याची गाडी बघत असतील. मी असं घडलेलंही पाहिलं आहे.

वाईचाही विचार मनात ठेवा. घाटाच्या पायथ्याशी, पाचगणीपासून १२ किलोमीटर. उन्हाळा तिथे आहे, पाचगणीची थंडी नाही. पण बाजार आहे, डॉक्टर आहेत, कृष्णेचा घाट आहे, ढोल्या गणपती आहे, मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, बारा महिने जागं असलेलं गाव आहे. सकाळी वर जाऊन टेबललँडवर फिरून दुपारी जेवायला खाली येणारी माणसं मला माहीत आहेत. यजमानांना हा पर्याय पहिल्यांदा पटणार नाही. सप्टेंबरात पुन्हा काढून बघा.

आणि दोन गोष्टी तुम्ही एकट्याने करायच्या. दर आठवड्याला एकदा एसटीने वाईला जाऊन यायचं, एकटीने. बायकांना निम्मं तिकीट आहे. भाजी आणा, मंदिरात बसा, चहा प्या, घाट चढून परत या. पहिल्या खेपेला घाबराल, चौथ्या खेपेला कंडक्टर तुम्हाला ओळखायला लागेल.

दुसरी गोष्ट ऑगस्टात. यजमानांना आठ दिवस ठाण्याला पाठवा, बँकेचं काम काढा, काहीही काढा. ते आठ दिवस त्या घरात तुम्ही एकट्या राहा. पाऊस असेल, वीज जाईल, गॅस संपेल. रोज झोपताना एका वहीत लिहा, आज कुणाशी बोलले, कुणाची मदत लागली, कोण आलं. नवव्या दिवशी ते परत आले की ती वही त्यांच्या हातात द्या, आणि मग प्लॉटचा विषय काढा. मलाही कळवा. मी तुमच्या पत्राची वाट बघते आहे.